हत्यार आणि उचकटणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या पत्रांच्या सदरात जुळे सोलापूरच्या एका वाचकांचं पत्र वाचलं. हल्ली पोरं खिशात टायटॅनियमच्या छोट्या पहारी घेऊन हिंडतात, उद्या त्यांनी कुलपं फोडली तर आश्चर्य नको, हा चाकूचाच चुलतभाऊ आहे, आणि लोखंडाच्या बोटभर तुकड्याला तीन-तीन हजार मोजणाऱ्यांनी अक्कल गहाण टाकलीय, असा एकूण सूर होता. पत्रलेखकांना मी ओळखत नाही, रागही नाही. पण ज्याला ते लोखंडाचा तुकडा म्हणतात तो लोखंडाचा नसतो आणि तसले तुकडे आमच्या अक्कलकोट रोडवरच्या शेडमध्ये बनतात. रोज माझ्या डोळ्यांसमोर. म्हणून लिहायला बसले. पत्र लांबलं तर खुशाल कात्री चालवा, फक्त भोक पाडण्याचा मजकूर कापू नका. त्यात आमची अर्धी मेहनत आहे.

आमचं वर्कशॉप मूळचं मागाचे सुटे भाग करणारं. माझे मिस्टर गिरणीत फिटर होते. गिरणी बंद झाली तेव्हा हिशोबाचे जे पैसे हातात आले त्यातून त्यांनी एक जुना लेथ घेतला आणि धोट्याची (मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावतो तो) टोकं, पिकरचे दांडे, कॅमचे रोलर असली मागाची किरकोळ कामं सुरू केली. मी बारावी झालेली, लग्नाआधी कानस हातात धरली नव्हती. ते गेल्याला आता अकरा वर्षं झाली. तेव्हापासून चाव्या माझ्याकडे. दरम्यान बिनधोट्याचे रेपियर माग आले, धोटाच नाही म्हटल्यावर त्याची टोकं कोण मागणार? काम आटलं. मुलगा डिप्लोमा करून घरी आला तेव्हा शेडमध्ये दोन लेथ, एक ड्रिल मशीन, एक ग्राइंडर आणि आमचे जुने फिटर अण्णा, एवढाच कारभार उरला होता. अण्णा घरी तेलुगू बोलतात, माझ्याशी सोलापुरी मराठी, आणि मशीनशी जी भाषा बोलतात ती छापता येणार नाही.

या वस्तूची सुरुवात माझ्या मूर्खपणातून झाली. दिवाळीच्या आधी शेडच्या दाराला रंग द्यायचा होता. ऑइलपेंटचा डबा उघडेना म्हणून मी डब्यातल्या भाकरी-भाजीबरोबर आणलेली सुरी झाकणाखाली घातली आणि दाबली. सुरीचं टोक टिचकन तुटलं, हात तसाच पुढे गेला आणि डब्याच्या काठावर अंगठ्याचं मूळ फाटलं. तीन टाके. अण्णांनी फडकं बांधता बांधता ऐकवलं, "वैनी, सुरीचं काम कापायचं. उचकटायचं काम तिला कशाला सांगितलाव?" मुलगा तिथेच उभा होता. परदेशात लोक खिशात बाळगायच्या अशा छोट्या पट्ट्या हाताने बनवतात, विकतात, हे त्याला माहीत होतं, त्याच्या डोक्यात ते घोळतही होतं. दुसऱ्या दिवशी त्याने पहिली पट्टी कापायला घेतली. अण्णांच्या त्या वाक्यातून आमच्या शेडमध्ये तिचं नाव पडलं, उचकटणी.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. नऊ सेंटिमीटर लांब, दीड सेंटिमीटरला थोडी कमी रुंद, पाच मिलीमीटर जाड अशी पट्टी. एक टोक पटाशीसारखं उतरतं केलेलं, शेवटी सव्वा-दीड मिलीमीटर जाडी ठेवलेली. त्या टोकाला धार नसते, हे मुद्दाम सांगते. मध्ये सोड्याच्या बाटलीचं बूच काढायला खाच, पेचकसाचं पाव इंची सुटं टोक, म्हणजे बिट, बसेल असं षटकोनी भोक, दुसऱ्या टोकाला दोरी ओवायला गोल भोक. काहींना मागे खिशाला अडकवायची क्लिप. संपलं. यात उघडझाप होणारं, लपणारं, उडी मारून बाहेर येणारं काही नाही.

आता चाकूच्या चुलतभावाबद्दल. आम्ही जो धातू वापरतो त्यात टायटॅनियमबरोबर सुमारे सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम असतं, बाजारात त्याला ग्रेड ५ म्हणतात. कठीणपणा मोजायच्या रॉकवेल सी मापावर तो ३६ च्या आसपास भरतो. घरातली बरी सुरी पंचावन्नच्या पुढे असते, कानस साठच्या वर. म्हणजे या धातूला धार लावलीत तरी ती टिकत नाही, चार दोऱ्या कापल्या की बसते. ज्याला चाकू करायचा तो पोलाद घेईल, पाचपट पैसे घालून मऊ धातूचा चाकू कोण करील? चिवट आहे, ओढ सोसतो, वाकून परत येतो, म्हणूनच हा धातू उचकटायला चांगला आणि कापायला निकामी.

घरफोडीचा हिशोब तर शाळेतल्या तरफेचा आहे. नऊ सेंटिमीटरच्या पट्टीत टेकू टोकापासून एक सेंटिमीटरवर आला, तर हाताकडे आठ सेंटिमीटर उरतात. जोर आठपट. पाच फुटी पहारीचा टेकू टोकापासून दोन इंचांवर घ्या, जोर एकोणतीसपट. शिवाय पहारीवर माणूस अख्खं अंग टाकतो, आमच्या पट्टीवर दोन बोटं आणि तळव्याचा उंचवटा, एवढंच मावतं. रंगाचा डबा, तुपाचा डबा, चादरींच्या गाठीवरची पत्र्याची पट्टी, डाळिंबाच्या खोक्याचे खिळे, यांना आठपट पुरतं. शटरला नाही. आणि ज्याला फोडायचंच आहे त्याला रस्त्यावरचा दगड फुकट मिळतो.

खिशात काहीतरी बाळगण्याची सवय परदेशातून आली असंही त्या पत्रात होतं. माझ्या आजोबांच्या चंचीत अडकित्ता होता, चुन्याची डबी होती आणि एका कडीत कानकोरणं, दातकोरणं आणि चिमटा असा जुडगा होता. सोलापूरच्या विणकराच्या खिशात कात्री आणि फणीतून धागा ओढायचा चपटा हूक नसला तर तो विणकर कसला? माझ्या सासूबाईंच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा असायचा, त्यातली सगळ्यात मोठी किल्ली कुठल्याच कुलपाची नव्हती, ती डबे उघडायला होती. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "ती माझी किल्ली." एवढंच.

आता भोक. साध्या लोखंडाला भोक पाडताना माणूस गप्पा मारतो. टायटॅनियमला पाडताना आमच्याकडे कोणी बोलत नाही. हा धातू उष्णता पुढे जाऊ देत नाही, साध्या पोलादाच्या मानाने सातवा-आठवा हिस्साच. त्यामुळे ड्रिलच्या टोकाशी जी आग तयार होते ती पट्टीत पसरत नाही, तिथेच साठते आणि ड्रिलचं टोक खाते. म्हणून फेरे कमी, सहा मिलीमीटरच्या ड्रिलला मिनिटाला पाचशेच्या आसपास, कटिंग ऑइल भरपूर, आणि दाब सारखा. टोक कापत राहिलं पाहिजे. क्षणभर जरी ते न कापता नुसतं घासलं, तरी खालचा भाग काचेसारखा चकचकीत आणि कडक होऊन बसतो, मग नवं ड्रिलसुद्धा त्यावर नाचतं. अण्णा तेव्हा डोळे मिटून घेतात. खरंच मिटतात. म्हणतात, "भोक कानानं पाडायचं असतं." नीट कापत असलं की कर्र असा जाड आवाज येतो आणि दोन्ही खोबणींतून सारख्या कुरळ्या चिपा वर येतात. आवाज बारीक होऊन शीळ ऐकू आली की अण्णांचा हात आपोआप वर. मला अजून तो फरक नेहमी कळत नाही. गेल्या महिन्यात माझ्या हातून दोन ड्रिलं गेली, ती अण्णांनी माझ्या टेबलावर काचेखाली ठेवलीत.

षटकोनी भोक त्याहून किचकट. आधी ६.४ मिलीमीटरचं गोल भोक, मग तिधारी बारीक कानशीने सहा कोपरे हाताने काढायचे. एका भोकाला पाऊण तास. मध्ये मध्ये बिट घालून बघायचं. सैल झालं की पट्टी वाया, घट्ट राहिलं की पुन्हा कानस. हे काम मुलगा करतो, कारण अण्णांना आता जवळचं दिसत नाही आणि मला धीर नाही. यंत्राने हे मिनिटात होतं. पण ते यंत्र आमच्याकडे नाही आणि चार-सहा नगांसाठी घेणं परवडतही नाही. 'हाताने बनवलेली' हे आम्ही फुशारकीने लिहीत नाही, आमच्याकडे दुसरा मार्गच नाही.

एक दिवस थोडक्यात निभावलं, तेही लिहिते, कारण ही वस्तू बघून घरच्या ग्राइंडरवर प्रयोग करणारी पोरं असतील. टायटॅनियम ग्राइंडरला लावलं की लख्ख पांढऱ्या ठिणग्या उडतात, लोखंडासारख्या तांबूस-पिवळ्या नाहीत. दिसायला दिवाळी. पण त्याची बारीक भुकटी पेटते. आमच्या ग्राइंडरखालच्या ट्रेमध्ये आठवडाभराची भुकटी साचली होती, माझा हलगर्जीपणा, दुसरं काय. त्यावर एक ठिणगी पडली आणि वेल्डिंगसारखा पांढरा उजेड झाला. अण्णा सवयीने पाण्याच्या बादलीकडे धावले. मुलगा ओरडला, "अण्णा, पाणी नको!" आणि सुक्या वाळूचं घमेलं पालथं केलं. पेटलेल्या टायटॅनियमवर पाणी टाकलं तर त्या उष्णतेत पाणीच फुटतं, हायड्रोजन सुटतो आणि आग शांत व्हायची सोडून भडकते. त्या दिवसापासून ट्रे रोज संध्याकाळी साफ होतो, लोखंड घासायचं चाक वेगळं, हे वेगळं, आणि वाळूच्या घमेल्यात चहाचे कप ठेवायला बंदी आहे.

रंगाची गोष्ट मात्र सांगायला गोड आहे. शेजारच्या शेडमध्ये सूत रंगवणारे एक काका आहेत. त्यांनी आमची निळी पट्टी हातात घेतली, नखाने खरवडली, थुंकी लावली, रुमालावर घासली आणि विचारलं, "रंग कच्चा का पक्का?" मी म्हटलं, काका, रंगच नाही. त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय. मग मुलाने काचेच्या बरणीत पाणी घेऊन चमचाभर खाण्याचा सोडा घातला, पट्टी धन टोकाला जोडली, ऋण टोकाला स्टीलची एक पट्टी, आणि नऊ व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक लावल्या. करडी पट्टी काकांच्या डोळ्यांदेखत आधी बदामी, मग जांभळी आणि मग निळी झाली. काही सेकंदांत. धातूवर त्याच्याच ऑक्साइडचा पातळ पापुद्रा चढतो आणि त्याच्या जाडीप्रमाणे रंग दिसतो, पावसात रस्त्यावर सांडलेल्या डिझेलवर दिसतात तसे. व्होल्ट वाढवावे तसा रंग पुढे सरकतो, साठीच्या जवळ पिवळा, पंचाहत्तरीच्या पुढे गुलाबी-जांभळा, शंभरीकडे हिरवा. पुढे गेलं की मागे येता येत नाही, व्होल्ट कमी केले म्हणून हिरव्याचा निळा होत नाही, घासून पुन्हा पहिल्यापासून.

काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न केला. "लाल?" लाल होत नाही. खरा, कुंकवासारखा लाल या पद्धतीने निघतच नाही. काका उठले, म्हणाले, "मग आमचंच बरं." आणि त्यांच्या नखाच्या प्रश्नाचंही उत्तर देऊन टाकते. पापुद्रा इतका पातळ असतो की किल्ल्यांबरोबर खिशात राहिला की कडांचा रंग महिन्याभरात जातो. गिऱ्हाइकाला आम्ही हे आधीच सांगतो. तरी रंगीतच मागतात.

आता हत्यार या शब्दाकडे येते. माझं खरं दुखणं तिथे आहे.

मागच्या वर्षी पुण्याच्या एका गिऱ्हाइकाला चार नग पाठवायचे होते. कुरियरच्या काउंटरवर फॉर्म भरताना 'आतील वस्तू' या रकान्यात मी नेहमीच्या सवयीने लिहिलं, 'हाताने बनवलेली हत्यारे, ४ नग'. आमच्या धंद्यात कानस हत्यार, छिन्नी हत्यार, लेथला लावायचं टूलही हत्यारच. कारागीर कामावर येताना हत्यारं घेऊन येतो आणि दसऱ्याला आम्ही हत्यारांचीच पूजा करतो. काउंटरवरच्या मुलाने फॉर्म वाचला, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि आत गेला. मी साठीला आलेली, हातात भाजीची पिशवी. आतून साहेब आले. पार्सल उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. शेवटी म्हणाले, पोलिसांचं पत्र आणा.

चौकीत हवालदारांनी फॉर्म वाचला आणि कपाळावर हात मारला. "ताई, हत्यार कशाला लिहिलं?" मी म्हटलं, साहेब, हत्याराला हत्यारच लिहिणार. ते हसले, मग गंभीर झाले, कारण आता कागदावर काहीतरी लिहून देणं भाग होतं. टेबलावर टाचण्या ठेवायची लोहचुंबकाची डबी होती. त्यांनी सहज पट्टी तिला लावली. चिकटली नाही. दुसरी लावली, तीही नाही. टायटॅनियम लोहचुंबकाला चिकटत नाही हे मी सांगणार तेवढ्यात त्यांनी निकाल देऊन टाकला, "हे तर लोखंडच नाही!" आणि त्या एका गोष्टीवर सगळं सुटलं. कागदावर लिहिलं, 'लोखंड नसलेल्या पट्ट्या, ४ नग'. दोन दिवस अडकलेलं पार्सल त्याच संध्याकाळी गेलं. मी खूश व्हायला हवं होतं. पण परत येताना रिक्षात मनात आलं, आयुष्यभर ज्या शब्दाने पोट भरलं तो शब्द आता लिहायची चोरी.

म्हणून त्या पत्रलेखकांना नुसता दोष देत नाही. शब्दाचाच घोळ आहे. वर्तमानपत्रात हत्यार म्हटलं की बातमी मारामारीची असते, वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रक्त येतं. पहार म्हटलं की शटर. आणि परदेशी नावाचं मराठीत काहीतरी करायचं म्हणून कोणी 'खिशातली पहार' लिहितं, मग वाचणारा घाबरणारच. आमच्यासारखे बनवणारेही कमी दोषी नाहीत. काही जण पट्टीला टोकदार चोच काढतात, कड धारदार करतात, वर कवटी कोरतात आणि युद्धातल्यासारखी नावं देतात. एका गिऱ्हाइकाने आमच्याकडे कवटी मागितली होती. मुलाने विचार केला, मी केला नाही, सरळ नाही म्हटलं. आपण कवटी कोरायची आणि मग लोक भितात म्हणून रडायचं, हे मला पटत नाही.

पैशाच्या मुद्द्यावर मात्र पत्रलेखकांशी मी अर्धी सहमत आहे, आणि हे वाचून मुलगा आज जेवणार नाही. आमची साधी पट्टी आम्ही अठ्ठावीसशेला देतो. धातू महाग का, तर तो भट्टीत कोळसा घालून लोखंडासारखा काढता येत नाही. तापल्यावर तो हवेतला ऑक्सिजन, नायट्रोजन आणि कोळशातला कार्बन, जे मिळेल ते शोषून ठिसूळ होतो. इंग्लंडमध्ये विल्यम ग्रेगरने १७९१ मध्ये काळ्या वाळूत तो ओळखला, क्लाप्रोटने १७९५ मध्ये नाव दिलं, पण कारखान्यात काढायची जमेल अशी रीत क्रोलने शोधली ती थेट विसाव्या शतकात. वाळूपासून आधी क्लोराइड, मग बंद भांड्यात मॅग्नेशियम घालून स्पंजासारखा धातू, मग निर्वातात तो वितळवणं. आपल्याकडे केरळात चवऱ्याच्या किनाऱ्यावर तशी वाळू आहे आणि तिथे स्पंजही बनतो, हैदराबादच्या मिधानी या सरकारी कारखान्यात त्याचे मिश्रधातू होतात. विमानाला, रॉकेटला, माणसाच्या मांडीच्या हाडात बसवायला तोच जातो. आमच्या वाट्याला मुंबईच्या कुंभारवाड्यातून येतात ते कापून उरलेले तुकडे.

तर एवढा धातू डबा उघडायला लागतो का? नाही लागत. अण्णांनी ट्रकच्या मोडक्या पाट्यातून, तापवून, ठोकून, पाणी देऊन एक उचकटणी केली आहे. खर्च चहापाण्याचा. ती माझ्या घरी गॅसच्या ओट्यावर खिळ्याला टांगलेली असते आणि टायटॅनियमच्या पट्टीपेक्षा जास्त काम करते. कडकही जास्त, टायटॅनियम जरा लवचीक, पोलादाच्या दुप्पट वाकतं. 'पोलादापेक्षा मजबूत' असं जे कोणी छापतात ते वजनाला वजन धरून खरं, आकाराला आकार धरून चांगल्या पोलादापुढे नाही. आम्हीच सुरुवातीला टोक फार पातळ केलं होतं, पुण्याच्या एका गिऱ्हाइकाने अडकलेला ड्रॉवर उचकटला आणि टोक केळीच्या सालीसारखं वळलं. बदलून दिली.

पण पर्समध्ये मी टायटॅनियमचीच ठेवते. नऊ सेंटिमीटरची कोरी पट्टी टायटॅनियमची २८ ग्रॅम, तीच पोलादाची ४९. आणि सोलापूरचा घाम. एप्रिलमध्ये माझ्या पोलादी किल्ल्यांचा पिशवीच्या कापडावर तांबडा डाग पडतो. अण्णांची पट्टी दोन पावसाळ्यांत दोनदा घासून तेल लावावी लागली. टायटॅनियमला मिठाचं पाणीही काही करत नाही. याचे अठ्ठावीसशे द्यायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. ज्याला नको त्याने अण्णांकडे यावं, पाट्याचा तुकडा घेऊन. फक्त एक, टायटॅनियम म्हणून विकत घेणार असाल तर लोहचुंबक लावून बघा. चिकटलं तर फसलात. न चिकटणारं स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमही असतं, तेव्हा हातात तोलूनही बघा, स्टीलहून स्पष्ट हलकं आणि ॲल्युमिनियमहून स्पष्ट जड लागलं पाहिजे.

आणखी एक सूचना, आता सोलापुरातूनही विमानं उडू लागली आहेत म्हणून. ही वस्तू हातातल्या बॅगेत घेऊन विमानतळावर जाऊ नका. तिथे पेचकस चालत नाही, पान्हा चालत नाही, तशी हीसुद्धा चालत नाही, आणि तिथल्या जवानाने काढून घेतली तर त्याच्याशी हुज्जत घालू नका, तो त्याच्या कामात आहे. मोठ्या बॅगेत टाकून द्या. आमच्या एका गिऱ्हाइकाने ऐकलं नाही, आता तो दुसरी बनवून मागतोय.

संपादक महाशय, माझी मागणी लहान आहे. यापुढे आपल्या पत्रात या वस्तूविषयी काही आलं तर 'खिशातली पहार' किंवा 'छुपं हत्यार' न छापता उचकटणी छापावं. शब्द आमच्या शेडमधला आहे, कोणाची परवानगी लागणार नाही. कुरियरच्या फॉर्मवर मी आता तोच लिहिते. काउंटरवरच्या मुलाने पहिल्यांदा विचारलं, "काकू, उचकटणी म्हणजे?" मी त्याच्याच टेबलावरचं स्टेपलर उचललं, आत अडकून बसलेली पिन पट्टीच्या टोकाने काढून दिली. तेव्हापासून विचारत नाही, नग मोजतो आणि शिक्का मारतो.

जुळे सोलापूरच्या त्या वाचकांना आग्रहाचं निमंत्रण आहे. अक्कलकोट रोडवर टॉवेलचे माग ऐकू येऊ लागले की आमच्या ओळीत आलात असं समजा. घरात न उघडणारा एखादा डबा असेल तर घेऊन या, अण्णा उघडून देतील, चहा मी करीन. सकाळी अकराच्या आत आलात तर बरं. दुपारी लाईट जाते आणि मग अण्णा झोपतात.

आपली,
एक वर्कशॉपवाली वाचक,
अक्कलकोट रोड, सोलापूर